वेंगुर्ल्यात घर घे, रिसॉर्ट नको

पुणे, १४ मार्च

प्रिय नीता,

डिसेंबरात तुम्ही चौघं येताय आणि त्यातला आठवडा कोकणात काढणार, हे वाचून फार आनंद झाला. कॅलगरीहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. म्हणजे मुलांना लाटा हव्यात, सतीशरावांना ताजे मासे हवेत आणि तुला शांतपणे पडून राहायचंय, हे ओघानंच आलं. तू मला चांगलं रिसॉर्ट शोधून ठेवायला सांगितलंस, पण मी ते शोधणार नाहीये. तू वेंगुर्ल्यात स्वयंपाकघरासकट एखादा फ्लॅट घे आणि दिवसातून एक वेळ तरी घरी रांध. का ते सविस्तर लिहिते, कारण आम्ही नुकतेच तिथून आलोय.

सासूबाईंना बाहेरचं जेवण सोसत नाही, म्हणून आम्ही उभादांड्याच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. समुद्र चालत पाच मिनिटांवर. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, मिक्सर, मोठाले टोप आणि नारळ खवायला आडाळो. मालकीणकाकी वरच्या मजल्यावर राहतात. किल्ली हातात देताना त्यांनी आधी बाजाराचं वेळापत्रक सांगितलं. "येळार जावा, मगे बरे मासे गावाचे नाय." त्या एका वाक्यानं आमच्या दिवसाची घडी बसली. सकाळी बाजार, दुपारी जेवून झोप, उन्हं कलली की समुद्र.

वेंगुर्ल्याचा बाजार हेच तिथलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ, असं माझं मत झालंय. भाजीच्या बाजाराला तिथं क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. लाल माठ, वाल, गावठी केळी, उकडे तांदूळ, कोकमाचं आगळ, सगळं आसपासच्या वाड्यांतून आलेलं. मासळीच्या बाजूला बायका बांगडे, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे वाट्या-वाट्यानं मांडून बसतात. बांगडा घेताना कल्ला उघडून बघ, आत लालभडक हवा. डोळा चकचकीत हवा, आणि बोटानं दाबलेलं अंग लगेच वर यायला हवं. घासाघीस थोडी कर, पण मग "आज कशाचा रस्सा करू?" हेही त्याच बाईला विचार. ती मासा कापून देईल आणि त्यात काय घालायचं, काय नाही, तेही बजावेल. माझी अर्धी मालवणी पाककला अशी ओट्यावर न येता बाजारात शिकून झाली.

बांगड्याचं तिखलं मी तिथंच पक्कं केलं. ओलं खोबरं, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, धणे आणि हळद गंधासारखं वाटायचं. वाटणात पाणी घालून उकळी आणायची, मग कोकम आणि बिया काढून जरा ठेचलेली तिरफळं. बांगडे सगळ्यात शेवटी सोडायचे आणि सात-आठ मिनिटांत गॅस बंद. वरून चमचाभर कच्चं खोबरेल. फोडणी अजिबात नको. तिरफळाचा वास घरभर पसरला की मुलं आपोआप पानावर येऊन बसतात. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि नारळाच्या दुधात आगळ, लसूण, मिरची घालून केलेली सोलकढी. तुमच्याकडे गोठवलेला बांगडा मिळतो, हे तू मागे लिहिलं होतंस. हा खाल्लास की तुला फरक सांगावा लागणार नाही.

सासूबाई मासे खात नाहीत, त्यांची चैन होती ओल्या काजूगरांची. हे दिवस त्या गरांचेच. काजूच्या टरफलातला चीक हातांना भाजून काढतो, तरी बायका एकेक बी फोडून गर सोडवतात आणि शेकड्यानं मोजून विकतात. कोमट पाण्यात भिजवून साल काढायची आणि खोबऱ्याच्या वाटणात उसळ करायची. डिसेंबरात हे गर तुला मिळणार नाहीत, पण वाळवून भाजलेले वेंगुर्ल्याचे काजू मिळतील. तिथलं फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती आणि 'रत्ना', 'सिंधू' हे आंबे तिथलेच. सिंधूची कोय इतकी पातळ असते की सगळा आंबा गरच वाटतो. सतीशरावांना बागेचा नाद आहे, त्यांना तिथं नक्की ने.

आता रापणीबद्दल लिहिते, कारण ती बघितल्याशिवाय तू परत जायचं नाहीस. होडीतून जाळं अर्धगोलात टाकत जातात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. म्हातारे, पोरं, बायका, सगळे दोराला लागतात. जाळं वाळूवर आलं की मासळीची वाटणी होते, दोर ओढणाऱ्यालाही वाटा मिळतो. या लोकांची तक्रार खरी आहे. यांत्रिक बोटींची पर्ससीन जाळी थव्याचे थवे उचलतात आणि किनाऱ्याच्या जाळ्यात काही उरत नाही. राज्य सरकारनं २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी रापणकरांचा झगडा संपलेला नाही. म्हणून तुला सांगते, मासे शक्यतो किनाऱ्यावर आणि टोपलीवाल्या बायकांकडून घे. आपले चार पैसे योग्य हातात पडतात.

मुलांसाठी मांडवी खाडीतली कांदळवन सफर. तिथल्या मच्छीमार बायकांनी बचत गट काढून ही सफर सुरू केली. वल्ह्याची होडी, इंजिनाचा आवाज नाही. वल्हवता वल्हवता त्या कांदळाच्या जाती दाखवतात, श्वासमुळं कशासाठी असतात ते सांगतात. खंड्या, बगळे, चिखलातले खेकडे, सगळं हाताच्या अंतरावर. या कांदळात माशांची पिल्लं वाढतात, म्हणून ती तोडायची नाहीत, हे आमच्या धाकटीला तिथं जेवढं पटलं तेवढं पुस्तकातून कधीच पटलं नसतं.

जुन्या वास्तूंपैकी गावातली डच वखार बघ. सतराव्या शतकातली, आज पडझड झालेली, पण त्या काळी इथून केवढा व्यापार चालत असेल याची कल्पना येते. संध्याकाळी बंदरावरच्या दीपगृहाकडे चढून जा, सूर्यास्त तिथून बघायचा.

एक दिवस दक्षिणेकडे राखून ठेव, जेवण बांधून घे. वाटेत आरवलीला वेतोबा. नवस फेडायला लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळीचे घड वाहतात. चपला घालून देव रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी श्रद्धा. जयवंत दळवी याच गावचे. 'सारे प्रवासी घडीचे' येण्याआधी परत वाच, आरवलीचे रस्ते ओळखीचे वाटतील. पुढे शिरोडा. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथं झाला, आणि मिठागरं अजून आहेत. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवत होते. पुढे ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या लेखकाचा घडणीचा काळ या गावात गेला. त्याच वाटेनं रेडीचा गणपती, खाणीच्या परिसरात १९७६ साली सापडलेला. तिथून तेरेखोलची खाडी आणि गोवा अगदी हाकेवर.

तू डिसेंबर निवडलास ते उत्तम. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात. रात्रभर चालतो, तेव्हा मुलांना दुपारी झोपवून ठेव. कोणत्या गावची जत्रा कधी, हे काकींना पंचांगाशिवाय पाठ असतं. पुढं कधी पावसाळ्यात यायचं मनात आलं, तर एवढं लक्षात ठेव की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताज्या मासळीसाठी ते दिवस नव्हेत.

सोयीचं थोडक्यात. तुम्ही विमानानं गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरा, वेंगुर्ला तिथून जवळ पडेल. मुंबईहून रेल्वेनं आलात तर कुडाळ किंवा सावंतवाडी, पुढे गाडी. फ्लॅट ठरवताना तीन गोष्टी विचार: मिक्सर आहे का, पाणी दिवसभर असतं का, आणि मासे रांधलेले चालतात का. ओला-सुका कचरा वेगळा ठेव. तिथल्या नगर परिषदेनं कचऱ्याचं काम फार मनावर घेतलंय, आणि माशाचे काटे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवणं पाहुण्याला शोभत नाही.

रिसॉर्टमध्ये तुम्हाला आराम मिळेल, यात शंका नाही. पण सगळ्या किनाऱ्यांवर तो सारखाच असतो. आज बाजारात काय आलं, ते कुणी आणलं, ते कसं रांधायचं, हे विचारत आठवडा काढलात तर तुझी मुलं वेंगुर्ल्यातल्या माणसांना ओळखून परत जातील. त्यांच्यासाठी तरी हे कर. नाताळात घरं लवकर भरतात, तेव्हा तारखा या महिन्यातच कळव. काकींशी मी बोलून ठेवते.

सतीशरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंजिरी