बीअरमधलं लोणी

आधी कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे पुण्या-मुंबईची मंडळी उगाच बादल्या धुवायला बसायला नकोत. अमेरिकेत घरी बीअर करायला केंद्राच्या कायद्याची परवानगी मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केली तेव्हा. एकट्या प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर २००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर आंबवणं हा सरळ गुन्हा. तेव्हा आमच्यासारख्या पोर्टलंडकरांनी करावी, तिकडच्यांनी वाचावी.

पोर्टलंडकर म्हणजे आम्ही दोघं. मी आणि माझा रूममेट, पक्का नागपूरकर. गेली तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शेजारी तीस लिटरचं पातेलं उभं असतं. इथे राहून हॉप्सच्या नादी न लागणं तसं कठीणच. विलामेट खोऱ्यात हॉप्सचे मळे आहेत, उत्तरेला वॉशिंग्टनमधलं याकिमा तर हॉप्सचं आगरच. अमेरिकन पेल एलला तो मोसंबीच्या सालीसारखा वास ज्या कॅस्केडने दिला, ते वाण इथून दीड तासावरच्या कॉर्व्हॅलिसमध्ये सरकारी संशोधन कार्यक्रमात तयार झालं आणि १९७२ मध्ये बाजारात आलं.

तर यंदा रूममेटची नोकरी गेली. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटांचा कॉल, संध्याकाळी लॅपटॉप परत करायला खोका. एच-वन-बीवर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा कुठला स्टेटस, नाहीतर सामान बांधा. पहिले दोन आठवडे तो रेझ्युमे आणि लीटकोड यातून बाहेरच आला नाही. चौदाव्या दिवशी स्वतःच म्हणाला, "चल बे, एक बॅच लावू. डोकं फुटून राहिलं माझं."

मी मनातल्या मनात हिशेब केला. बीअर प्यायच्या लायकीची व्हायला साधारण पाच आठवडे. चौदा अधिक पस्तीस, एकोणपन्नास. बसत होतं.

पाच किलो पेल मॉल्ट, तीनशे ग्रॅम म्युनिक. ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवलं, मग झाकण न ठेवता तासभर खळाळून उकळलं. झाकण का नाही, तर मॉल्टमधून तयार होणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला हवं. ते राहिलं तर बीअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. पाण्यात आधीच कॅम्पडेनची गोळी चुरून टाकलेली. पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या जंगलातून येतं, छान मऊ पाणी, पण त्यात क्लोरामाइन असतं आणि ते क्लोरीनसारखं उकळून सहज उडत नाही. ते मॉल्टमधल्या फिनॉलना भेटलं की जे तयार होतं त्याला चक्क बँडेडच्या पट्टीचा वास येतो. हा वास मी एका ओळखीच्यांकडे चाखलाय. पहिला घोट घेतल्यावर दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं आणि यजमान समोर हसत उभे असतात :)

सुरुवातीची घनता १.०५६. यीस्ट टाकलं, दुसऱ्या दिवशी एअरलॉक बुडबुडायला लागलं. रूममेटच्या आईनं व्हिडिओ कॉलवर मागे ती पांढरी बादली बघितली आणि विचारलं, "काय रे, लोणचं घातलं का एवढं?" तो म्हणाला, "हो आई, लिंबाचं." नोकरीचंही त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. त्यामुळे लोणच्याचं खोटं त्यातल्या त्यात किरकोळच.

आठवड्यात घनता १.०१२ वर आली आणि तीन दिवस तिथेच थांबली. तिसऱ्या दिवशी वास स्वच्छ, चव स्वच्छ. मग ११० ग्रॅम सिट्रा आणि कॅस्केड कोरडेच टाकले. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. उकळीत टाकलेल्या हॉप्सचा कडवटपणा येतो पण सुगंध बराचसा वाफेबरोबर जातो, म्हणून सुगंधासाठी नंतर थंड बीअरमध्ये टाकायचे.

तीन दिवसांनी नळीतून ग्लासभर काढली. आधी संत्र्याची साल, आंबा वगैरे जे यायला हवं ते आलं. आणि त्याच्या मागून लोणी. साधंसुधं नाही, सिनेमा थिएटरच्या पॉपकॉर्नवर ओततात तसलं.

रूममेटनं वास घेतला. "काय खराब आहे बे यात? मस्त लोण्याचा वास येऊन राहिला ना!"

गंमत म्हणजे त्याचं चूक नव्हतं. बीअरमध्ये जे रसायन दोष म्हणून हाकलतात, ते डायअॅसिटिल, तेच विरजलेल्या सायीच्या लोण्याला त्याचा वास देतं. तिथे ते विरजणातले जिवाणू तयार करतात. आपली नाकं लहानपणापासून त्या वासाला 'आजीकडची सुट्टी' या फोल्डरमध्ये टाकून बसलेली असतात. बीअरमध्ये मात्र दहा लाख भागांत ०.१ भागाच्या आसपास असलं तरी बऱ्याच जणांना कळतं, आणि काही जणांना त्याहून कितीतरी जास्त असलं तरी अजिबात कळत नाही. नाकानाकाचा फरक.

आता प्रश्न असा की हे आलं कुठून? तीन दिवसांपूर्वी नव्हतं. दोन शक्यता होत्या. एक, पेडिओकॉकस नावाच्या जिवाणूचा संसर्ग. तोही डायअॅसिटिल करतो, पण त्याच्याबरोबर आंबटपणा येतो आणि मग बीअर मोरीत ओतण्याला पर्याय उरत नाही. दुसरी शक्यता हॉप्स. घनता मोजली तर १.०१०. म्हणजे थांबलेली गाडी पुन्हा चालू झाली होती. आंबटपणा नव्हता. दुसरीच शक्यता खरी.

याला हॉप क्रीप म्हणतात. हॉप्सच्या अंगात थोडी अमायलेज विकरं असतात. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळ्यांच्या शर्करा बीअरमध्ये उरलेल्या असतात, त्या ही विकरं तोडतात, यीस्टला पुन्हा खायला मिळतं आणि ते जागं होतं. होरेस ब्राऊन आणि हॅरिस मॉरिस या इंग्रजांनी हे १८९३ सालीच लिहून ठेवलंय. पण मधली बरीच वर्षं बाजारातल्या बीअरमध्ये इतके कोरडे हॉप्स कोणी टाकतच नव्हतं, त्यामुळे कोणाला त्याची गरज पडली नाही. अमेरिकेत मूठमूठ हॉप्स टाकायची टूम निघाली, बाटल्या जास्त फसफसायला लागल्या, तेव्हा ओरेगन स्टेट विद्यापीठात टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेनं २०१८ च्या सुमारास हा विषय पुन्हा उकरून काढला. सव्वाशे वर्षं जुना बग, फक्त लोड वाढल्यावर दिसणारा.

जागं झालेलं यीस्ट वाढताना अॅसिटोलॅक्टेट बाहेर टाकतं. त्याला वास नसतो. ते बीअरमध्ये सावकाश आपोआप बदलून डायअॅसिटिल होतं, आणि यीस्ट जिवंत व उबेत असेल तर तेच डायअॅसिटिल पुन्हा आत ओढून बिनवासाचं करून टाकतं. म्हणजे घाण करणाराही तोच आणि झाडणाराही तोच, फक्त त्याला झाडायला वेळ द्यावा लागतो. थंड केलं की यीस्ट झोपतं आणि लोणी जिथल्या तिथे राहतं. एएलडीसी नावाचं एक विकर मिळतं, ते अॅसिटोलॅक्टेटला डायअॅसिटिल होऊच देत नाही, पण ते आधीपासून घातलेलं असावं लागतं.

रूममेटचं म्हणणं, बाटल्या भरून टाकू. त्याचा हिशेब तारखांचा होता. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी मंडळींना जेवायला बोलावलेलं, पंचावन्नाव्या दिवसाचं तिकीट काढून ठेवलेलं. रद्द करता येणारं, कारण एका ठिकाणची शेवटची फेरी झाली होती आणि उत्तर यायचं होतं. माझा हिशेब घनतेचा. बाटलीत घनता ०.००१ ने उतरली की बीअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण निम्म्याने जास्त वायू तयार होतो. फेस यावा म्हणून घातलेल्या साखरेचे अडीच पट, वर हॉप क्रीपचे आणखी एक-दीड पट. साध्या काचेच्या बाटलीला हे झेपेलच असं नाही. फुटली तर हातात फुटते.

"म्हणजे थांबायचं," तो म्हणाला. "अजून एका गोष्टीसाठी."

मी काही बोललो नाही. त्या दिवसांत काय बोलणार होतो?

मग बादली बावीस अंशांवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली आणि चाचणी सुरू केली. दोन बरण्यांत थोडी थोडी बीअर घ्यायची. एक ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची, मग दोन्ही गार करून हुंगायच्या. उष्णतेनं लपलेल्या अॅसिटोलॅक्टेटचं लगेच डायअॅसिटिल होतं. म्हणजे महिन्याभरानं बाटलीत जो वास येईल तो आजच येतो. बग प्रॉडक्शनला जायच्या आधी आपल्या मशीनवर रिप्रोड्यूस करावा तसं. एकच अडचण, नळी उघडून जेवढी बीअर काढाल तेवढी हवा आत जाते, आणि हॉप्सच्या बीअरचा ऑक्सिजन हा दुसरा वैरी. रंग मातकट होतो, सुगंध मरतो, वरून भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. म्हणून दर तीन दिवसांनीच हुंगायचं ठरवलं. रोज हुंगायचा मोह कसा आवरला ते माझं मला माहीत.

पहिल्या वेळी गरम बरणीत थेट पॉपकॉर्न. दुसऱ्या वेळी कमी. तोवर त्याचं उत्तर आलं होतं: मुलाखती उत्तम झाल्या, पण भरती तूर्तास थांबवली आहे. तो ईमेल वाचून तो उठला आणि काही न बोलता पाणी गरम करायला ठेवलं. दोन्ही बरण्या त्यानेच हुंगल्या. म्हणाला, "गरमवाली अजून लोणी मारून राहिली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा आता तो वास ओळखायला शिकलाय.

नवव्या दिवशी दोन्ही बरण्या सारख्या. घनता १.००८, तीन दिवस हललेली नाही. आता अल्कोहोल सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. तेहतिसाव्या दिवशी सेहेचाळीस बाटल्या भरल्या. त्या रात्री त्यानं घरी फोन करून सगळं सांगितलं. मी मुद्दाम बाल्कनीत जाऊन बसलो होतो, त्यामुळे काय बोलणं झालं मला माहीत नाही. नंतर एवढंच म्हणाला, की आईनं विचारलं, मग ते लिंबाचं लोणचं कोण खाणार?

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी जेवणाला चौदा जण आले. सावजी मसाल्याचं चिकन त्यानं केलं, तिखटानं डोळ्यांतून पाणी, आणि त्यावर ही बीअर. वास थोडा निवला होता, ताज्या हॉप्सचा जो पहिला झटका असतो तो नव्हता. नऊ दिवसांचं भाडं म्हणायचं. पण स्वच्छ होती. एका मित्राच्या बायकोनं, जिचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट आहे, दोनदा हुंगलं आणि ग्लास पुढे केला.

भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी न भरता आणता येतं. ३५५ मिलिच्या पाच बाटल्या त्यात बसतात. त्यानं त्या जीन्समध्ये गुंडाळून चेक-इनमध्ये टाकल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या बो ब्रुअरीची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला निघायची. पुढे इंडिया पेल एल म्हणून नावारूपाला आलेल्या बीअरचं हे घराणं. तिला पोचायला महिने लागायचे. ही दीड दिवसात मुंबई करून नागपूरला पोचली.

पाचातली एकही फुटली नाही, असा त्याचा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "काय रे, कडुलिंबाची आहे का?"

माझ्याकडे नऊ उरल्यात. फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला. हॉप्सची बीअर जपून ठेवायची नसते, महिन्याभरात संपवायची. या शनिवारी संपवतो.