वडवणीची गांडुळे

वडवणीला मुद्दाम प्रवासाला कोणी जात नाही. बीडहून परळी वैजनाथाला निघालेल्या भाविकांना ती वाटेत लागते. एसटी थांबते, चहा होतो आणि गाडी पुढे निघते. १९९९ साली गावाला तालुक्याचा मान मिळाला, तरी बालाघाटच्या डोंगरांजवळचे तिचे खेडवळपण पुरते गेलेले नाही. पण जवळच उपळीला कुंडलिका नदी अडवून केलेला तलाव आहे. आणि पाणी म्हटले की मासे आले, मासे म्हटले की गळ आला, आणि गळ म्हटला की गांडूळ आलेच!

सणासुदीच्या अंकात गांडुळाचे नाव काढले म्हणून गृहिणींनी नाक मुरडू नये. दानवे, वाळे, शिदोड, काडू अशी किती नावे मराठीने त्याला दिली आहेत! ज्याच्याशी रोजचा संबंध नाही, त्याचे एवढे लाड भाषा करीत नसते.

यंदाच्या भाद्रपदात मी तिथे चार दिवस होतो. माझा एक जुना विद्यार्थी आता तिकडे शिक्षक आहे. त्याच्या शेजारी एक आजी आणि तिचा दहा-अकरा वर्षांचा नातू राहतात. परसात कडुलिंबाखाली अर्धे कापलेले निळे पिंप होते आणि त्यावर ओले गोणपाट. पोराने गोणपाट उचलले आणि मूठभर शेणखत माझ्यापुढे धरले. त्यात तांबूस, बारीक गांडुळांचा गुंता वळवळत होता. "धरा की सर, चावत न्हाईत," तो म्हणाला.

ही शेतातली गांडुळे नव्हेत. शेतातली उन्हाळ्यात खोल जाऊन बसतात आणि पिंपात फारशी रमत नाहीत. उकिरड्याच्या, पाल्याच्या वरच्या थरात राहणारी तांबडी जात घरी पाळायला सोयीची; गांडूळखताच्या प्रकल्पातून मूठभर आणली तरी पुरते. पिंपाच्या तळाला भोके पाडायची, त्यावर विटांचे तुकडे आणि वाळू, मग पालापाचोळा आणि शेण. शेण मात्र ताजे नको. ते कुजताना तापते आणि गांडुळे मरतात. पंधरा दिवस मुरलेले घ्यावे. वर भाजीची देठे, फळांच्या साली, उसाचे पाचट. मीठ, तेलकट, आंबट काही घालायचे नाही. आजीचे माप ठरलेले होते: मूठ घट्ट दाबली की हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. गांडूळ कातडीने श्वास घेते. कातडी सुकली की त्याचा जीव गेला, आणि खत पाण्याने गच्च भरले तर हवेवाचून गुदमरले. मुंग्यांसाठी पिंपाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, आणि कोंबड्यांसाठी हा पोरगा!

प्रत्येक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असते, तरी वीण व्हायला जोडी लागतेच. मोहरीहून जरा मोठा कोष ते टाकते. तीनेक आठवड्यांत त्यातून दोन-चार पिल्ले निघतात आणि दोन महिन्यांच्या आत तीही संसाराला लागतात. तोडल्यावर एकाची दोन होतात, ही मात्र शाळकरी पोरांची समजूत.

गळाला लावण्याआधी आजी गांडुळे दोन दिवस नुसत्या ओल्या गोणपाटात ठेवते. पोट रिकामे होते, कातडी चिवट होते आणि ती गळावर टिकतात. इंग्लंडातल्या आयझॅक वॉल्टनने १६५३ सालच्या आपल्या मासेमारीवरील ग्रंथात हेच सांगितले आहे. तो गोणपाटाऐवजी शेवाळ वापरायचा. वांब आणि शिंगाडा यांची गांडुळावर फार वासना. मरळीला मात्र बेडकी लागते. सुटीच्या दिवशी तलावावर गळ टाकायला येणारी हौशी मंडळी पोराकडून पळसाच्या पानात वीस गांडुळे घेतात, दहा रुपयांना. हिशेब वहीत लिहिलेला असतो, आणि वहीही त्याच पैशांची.

मी त्याला डार्विनची गोष्ट सांगितली. १८८१ साली निघालेला त्याचा शेवटचा ग्रंथ गांडुळांवर आहे. कुंड्यांत गांडुळे भरून तो घरात ठेवी, आणि त्यांना ऐकू येते का हे पाहायला पियानो वाजवून घेई. सुरांची गांडुळांना दादच नव्हती. पण कुंडी पियानोवर ठेवून पट्टी दाबताच ती सरकन बिळात गेली. पोराने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग इकली का त्यांनी?"

त्याचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. तोडणीला निघालेल्या नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव! मुकादमाची उचल आधीच घेतलेली, म्हणून पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत संसार. गेल्या साली पोरगाही सोबत गेला होता. शाळा बुडाली, आणि परत येऊन पाहतात तो पिंपात वाळके शेण. आजी तेव्हा लेकीकडे होती. यंदा बापाच्या मनात पुन्हा त्याला न्यायचे होते. वाढे बांधायला, पाणी आणायला दोन हात होतात. आजीचे म्हणणे, पोरगं माझ्यापाशी ऱ्हाईल. आणि शाळेचे कारण बापापुढे चालत नाही हे ओळखून पोराने वेगळेच कारण काढले होते: "पिंपाला पानी कोन घालंल?"

"सर, तुम्हीच सांगा ह्याला," आजी मला म्हणाली. मी बापाशी बोललो. तो हात जोडून ऐकत होता, "व्हय सर, व्हय सर" म्हणत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला पगारी माणसाने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, यात थोडा अवघडलेपणा असतोच.

परवा विद्यार्थ्याचा फोन आला. टोळीचा ट्रॅक्टर पहाटे गेला. निघण्याआधी बापाने दोन पाट्या मुरलेले शेण आणून पिंपाशेजारी टाकले, गोणपाट बदलले आणि पोराला शंभर रुपये मागितले, वाटखर्चाला. पोराने वहीत लिहून घेऊन दिले.