आबाजींचं विमान

बेसा रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गच्चीतून सोनेगावला उतरणारी विमानं दिसतात. आबाजी नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे. साठच्या दशकात ते पुण्याला लोहगावच्या तळावर फिटर होते, बी-२४ लिबरेटरवर. म्हणायचे, 'आमचं विमान भंगारातून उठवलं होतं, बाबू!' मला ती थाप वाटायची.

थाप नव्हती. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही अमेरिकन बॉम्बर्स कानपूरला टाकून दिली, तीही मुद्दाम मोडतोड करून. १९४८मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली जरा बरी निवडली. टेस्ट पायलट जमशेद मुन्शींनी ती एकेक करून चक्क उडवत बंगळूरला नेली! अशी चाळीसेक विमानं पुन्हा उभी राहिली आणि १९६८पर्यंत वायुदलात होती.

मागे ऑफिसच्या कामाने दिल्लीला गेलो, तेव्हा पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक लिबरेटर भेटलं. हेच का आबाजींचं? शोधायला बसलो, तर सगळा गुंता. एकाच्या अंगावर दुसऱ्याचे पार्ट्स. भाऊबंद ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेत पांगलेले. अमेरिकेत गेलेल्यांवर तर भारतीय खुणा पुसून तिथल्या युद्धकाळातले रंग चढवले गेले.

शेपटीवरचा नंबर माहीत असता, तर माग लागला असता. आबाजी होते तोवर तेवढं विचारायला मला वेळ झाला नाही. तुमच्या घरी कुणी असं असेल, तर या वीकेंडला मॉल राहू द्या. चहा ठेवा आणि विचारा.