राघू बघतोय, आपण कुठे बघतोय ते!

एम.एस्सी. प्राणिशास्त्राला 'प्राणिवर्तन' हा पेपर मी घेतला तो निव्वळ वेळापत्रकात बसत होता म्हणून. आणि आता? आई, मेसमधल्या मुली, रिक्षावाले काका, सापडेल त्याला धरून एकच गोष्ट सांगत सुटले आहे. वेड्या राघूची!

तारेवर बसून माश्या टिपणारा तो चिमुकला हिरवा पक्षी. मातीत बोगदा खणून घरटं करतो. जवळपास माणूस दिसला की आत शिरायला कचरतो. त्यात काय मोठंसं? थांबा! पुण्यात मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर माणसाला आळीपाळीने दोन जागी उभं केलं. घरट्यापासूनचं अंतर सारखंच. राघूला माणूस दोन्हीकडे दिसतो. फरक एवढाच, की एका जागेवरून माणसाला घरट्याचं तोंड दिसतं, दुसरीवरून नाही. आणि दिसत नसलं की राघू जास्त वेळा खुशाल आत! म्हणजे समोरच्याला काय दिसतंय, याचाही हिशोब त्याच्या वागण्यात आहे! २००२ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. ना पिंजरा, ना महागडं यंत्र. (राघू 'विचार करतो' असं लगेच म्हणायचं नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद आहे. मी मनातल्या मनात म्हणते.)

प्रॅक्टिकलच्या वहीत 'घाबरला', 'चिडला' चालतच नाही. मान वळवली, शेपटी हलवली, उडाला, परत तारेवर बसला, बस्स. रूक्ष वाटतं? अहो, असं नुसतं बघायला लागल्यावरच दिसलं, की पकडलेली मधमाशी तो तशीच गिळत नाही. तारेवर आपटतो, घासतो, तिचं विष पिळून काढतो आणि मगच गट्टम!

आणि गांधीलमाश्या! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी त्यांच्यावर अख्खं आयुष्य घातलंय. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके, म्हणजे कोण कोण ते कळतं. त्यांच्या एका जातीत राणी अगदी गरीब गाय. पण तिला पोळ्यावरून उचला, की काही मिनिटांत एक कामकरी माशी बाकीच्यांवर तुटून पडते. हीच पुढची राणी! आधी कितीही निरखा, वारसदार कोण ते आपल्याला ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावं, असं प्रयोग सांगतात. कसं ठाऊक? कशावरून?

हॉस्टेलच्या छज्ज्याखाली एक पोळं दिसलंय. झटपट सुकणारा रंग आणायला निघाले आहे. कोणी येतंय का?