दुधाची वही

धाकट्याला बेळगावात ॲडमिट केलं तेव्हा घाईत पिशवीत दुधाची वही आली. तीच कामाला आली. सिस्टर म्हणाल्या, "काकू, किती वेळा जातो, रक्त पडतं का, लिहून ठेवा." ज्या वहीत वर्षानुवर्षं लिटर मांडले, तिथं मुलाचे जुलाब मांडायला मन धजेना.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, तोही तीव्र. दिवसातून सहाच्या वर रक्ताचे जुलाब, ताप, नाडी पळतेली. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं. 1955 साली ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिसोनचा गुण दाखवला. त्याआधी यात कितीतरी माणसं दगावत. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या दिवसाचा आकडा बघून ठरवू. ऑक्सफर्डच्याच एका अभ्यासात, तेव्हाही आठाच्या वर जाणाऱ्या 100 पैकी 85 जणांचं मोठं आतडं काढावं लागलं होतं.

सूर्यास्ताआधी डबा उरकायचा नि वही घेऊन बसायचं. तिसऱ्या रात्री तो हळूच म्हणाला, "आई, दोन कमी लिही." दहा होते. मी आठ लिहिले. लिहिले खरे, पण झोप कुठली! पहाटे खोडून दहा केले. दिवसभर तो माझ्याकडं पाठ करून झोपला.

सर्जन बघून गेले. आधी इन्फ्लिक्सिमॅब देऊ, असं ठरलं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर हेपॅरिनची सुई चालूच. चार दिवसांनी आकडा तीनवर आला. आतडं वाचलं, या खेपेपुरतं, डॉक्टरांनी बजावलं.

घरी दूधवाल्याचा हिशेब करताना त्यानंच ते पान उलटलं. "दहाच होते गं," म्हणाला.