आठ डॉलर आणि पुढे

थोरला भाऊ अमेरिकेला निघाला तेव्हा त्याच्या खिशात सरकारी परवानगीचे आठ डॉलर होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात. देशाच्या तिजोरीत परकीय चलनाचा खडखडाट. त्या पिढीतले बरेच जण हा आकडा आजही पदकासारखा मिरवतात. धाकट्याला त्यात मिरवण्यासारखं काही दिसलं नाही. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला आणि वडिलांनी थोरल्याच्या फीसाठी मांडलेला हजार डॉलरचा हिशेब एका रात्रीत २,७४० रुपयांनी फुगला, हे त्याने पाहिलं होतं.

धाकटा पुढे बँकेत लागला आणि फोर्टमधल्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर बसला. तेव्हा १९७३च्या फेरा कायद्याचा धाक होता. चलनाचा नियम मोडला तर तुरुंग. मुलाची फी पाठवायला आलेले सरळमार्गी बापही खालच्या आवाजात बोलत. जून २०००पासून त्याच्या जागी फेमा लागू झाला, तुरुंगाची जागा बहुतांशी दंडाने घेतली. फेब्रुवारी २००४मध्ये तर कुणालाही वर्षाला २५,००० डॉलर पूर्वपरवानगीशिवाय बाहेर पाठवायची मुभा मिळाली. ते परिपत्रक त्याने दोनदा वाचलं.

मुभा वाढत गेली, पण सरळ रेषेत नव्हे. २००७मध्ये मर्यादा दोन लाख डॉलर झाली. ऑगस्ट २०१३मध्ये रुपया गडगडला आणि ती एका फटक्यात ७५,०००वर आली, शिवाय परदेशात घर घ्यायला बंदी. टोरांटोला स्थायिक झालेल्या मुलीच्या घरात आपलाही वाटा असावा, हा त्याचा बेत तिथेच अडला. २०१५मध्ये मर्यादा अडीच लाखांवर गेली. आजही तीच आहे.

निवृत्तीनंतर, २०२४मध्ये, नवराबायको मुलीकडे कायमचे जायला निघाले. मुलुंडचा फ्लॅट विकला. आता तो काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. त्या वेळी सात लाखांवरच्या बहुतेक रकमांवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जाई. एक कोटी पाठवायचे तर १८ लाख ६० हजार आधी सरकारजमा. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात हे खरं, पण तोवर टोरांटोत घरभाडं कशातून भरायचं?

मग तरुण अधिकाऱ्याने त्याला जे सांगितलं ते तो स्वतः वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता: काका, थोडेच पाठवा, बाकीचे गेल्यावर. कायमचं राहायला म्हणून माणूस बाहेर पडला की फेमाच्या लेखी तो अनिवासी. खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, होतं, कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र जोडून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात आणि तिथे हा टीसीएस लागत नाही. माणूस तोच, फ्लॅटही तोच. मध्ये फक्त एक विमानप्रवास. नियम करणाऱ्यांना यात विनोद दिसत नसावा.

त्याने तसंच केलं. फक्त दराच्या बाबतीत जुनी खोड गेली नाही. बँक ‘शुल्क नाही’ म्हणते तेव्हा आपली कमाई दरात ठेवते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! टोरांटोहून फोनवर घासाघीस करून त्याने डॉलरमागे चाळीस पैसे कमी करून घेतले. रक्कम नव्वद हजार डॉलरची होती. छत्तीस हजार रुपये वाचले.