पानी ई राहिनं

मृग लागून चार दिवस झाले होते आणि शिंदखेड्यात टिपूस नव्हता. चिमठाण्याहून मोटारसायकलवर परतत होतो. बुराई नदीला मिळणाऱ्या एका नाल्यातून जवळची वाट जाते. नाला कोरडा ठाक. गाडी थांबवून सावलीला दगडावर टेकलो.

काठावरून एक शेळ्या चारणारा बाबा ओरडला, "ए भाऊ, मांगे फिर! पानी ई राहिनं!"

आमच्या अहिराणीत पावसालाही पाणीच म्हणतात. मी वर बघितलं. डोक्यावर ऊन. साक्रीकडच्या डोंगरांवर तेवढं काळं दाटलेलं, मधूनच आवाज नसलेली वीज. हसलोच. तेवढ्यात पायाशी मुंग्या, भुंगेरे लगबगीने काठाकडे निघालेले दिसले. मागून मालगाडी पुलावरून जावी तशी घरघर. गाडी कशीबशी चढवली आणि वळून बघतो तर वळणावरून तपकिरी फेस येत होता. पुढे बाभळीचे काटे, लेंड्या, एक चप्पल. पाच मिनिटांत माझा दगड दिसेना.

बाबा म्हणत होता ते पाणी आभाळातलं नव्हतंच.

तालुक्यात वर्षाला पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. पण तो कधी कधी एकाच जागी कोसळतो. तापलेल्या जमिनीवरची हवा झपाट्याने वर चढते, अरबी समुद्राकडची ओल तिला मिळते, आणि वरचा वारा मंद असला की ढग हलत नाही. मुरमाड, उघड्याबोडक्या टेकड्या पाणी धरत नाहीत. काळ्या रानातल्या भेगा थोडं पितात, मग माती फुगून त्या मिटतात. २० चौरस किलोमीटरवर ५० मिलिमीटर पडला तर ते पाणी होतं १०० कोटी लिटर. निम्मं जिरलं तरी उरलेलं एवढ्याशा नाल्यातून जाणार.

राजस्थानात बाडमेरला ऑगस्ट २००६ मध्ये तीन दिवसांत वर्षाच्या सरासरीच्या दुप्पट पाऊस झाला. कवास गावाखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना. वाळवंटात माणसं बुडाली. पूर्वी ही बातमी मला खोटी वाटली असती.

दोन तासांनी नाला ओसरला. तोवर बाबाने शेळ्या तीनदा मोजल्या, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

घरी आईने विचारलं, "तथा पानी पडनं का?"

सदऱ्यावर धूळ होती, चपलेला गाळ. काय सांगावं कळेना.